दोडीताल (उत्तरकाशी): गळाचा परवाना कोण देतं? मदत हवी आहे

ऑक्टोबरच्या सुरुवातीला संगमचट्टी-अगोडा-बेबरा मार्गाने दोडीतालला जातोय. चौघे, तळ्याकाठी दोन मुक्काम. ट्रेकची परवानगी, तंबू झालं, अडलंय तळ्यातल्या ट्राउट माशांसाठी गळ टाकण्याच्या परवान्यावर. अगोड्याचे होमस्टेवाले म्हणतात परवाना उत्तरकाशीत मिळतो, गाइड म्हणतो पूर्ण बंदी आहे. लेखी कुणाकडेच काही नाही, आणि परवान्याशिवाय गळ टाकायचा नाही हे पक्कं.

सामान: सहा फुटी अल्ट्रालाइट रॉड, 4 पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन) लाइन, 3 ग्रॅमचे स्पिनर (पाण्यात फिरणारं नकली आमिष). तिहेरी गळ काढून एकेरी बार्बलेस (उलटा काटा नसलेला) लावलाय, कारण मासा सोडूनच द्यायचाय. जिवंत आमिष अजिबात नाही.

अलीकडे तिथे रीतसर गळ टाकलेल्यांनी सांगा: परवाना वन विभाग देतो की मत्स्य विभाग, आणि तो आधी काढावा लागतो की वाटेतल्या चौकीवरही मिळतो?