ऑफिसात मुद्दाम त्रास देतात, किती सहन करायचं?

प्रश्न: जय ख्रिस्त. सीनियर रोज टोमणे मारतो, परवा माझा डबा बाजूला सरकवून म्हणाला "तुम्ही लोक लांबच बसा". प्रार्थना करते पण राग धुमसतोच, गप्प बसले तर बाकीचे शेळपट म्हणतात.

उत्तर: ताई, सूड देवावर सोडा, बायबलमधलं रोमकरांस १२:१९ वाचा. मी अशाच एकासाठी रोज प्रार्थना करायचो, पहिले चार दिवस दातओठ खाऊनच, खरं सांगतो.

उत्तर: पण सहन करणं म्हणजे तोंड शिवून बसणं नव्हे हां. येशूला चपराक मारली तेव्हा त्यानेही विचारलंच ना, मला का मारतोस (योहान १८:२३), आणि प्रेषित पौलाने फटके बसायच्या आधी रोमी नागरिकत्व पुढे केलं, म्हणजे कायद्याचा हक्क वापरलाच. एचआरला लेखी द्या, शिव्या न घालता.

प्रश्नकर्ती: मेल ड्राफ्टमध्ये आहे, दोनदा उघडून बंद केला.