सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) प्रत्येक झाडानंतर पुसायचं का?

प्रश्न: एका झाडाच्या फांद्या शेंड्याकडून वाळत खाली यायला लागल्यात, सालीवर चट्टेपण आहेत, काल त्या छाटल्या आणि तेच सिकेटर तसंच पुढच्या दोन झाडांना वापरलं, आता जीव खालीवर होतोय. कशाने धुवू? ब्लीच चालेल का?

उत्तर १: आधी पात्यावरचा चीक साबणाच्या पाण्याने ब्रश मारून काढा, हेच सगळे विसरतात, चिकाखाली जंतू राहतात मग वरून काहीही लावा उपयोग कमीच. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा किंवा फडक्याने नीट पुसा. पेटतं हां ते, जपून.

उत्तर २: ब्लीच चालतं, १ भाग ब्लीच ९ भाग पाणी, पण पातं गंजतं म्हणून नंतर धुऊन कोरडं करून तेलाचा हात फिरवा. द्रावण रोज ताजं करा, जोर उतरतो त्याचा. आणि त्यात अ‍ॅसिड किंवा अमोनियावालं काही कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो!

उत्तर ३: निरोगी झाडं आधी छाटा, आजारी सगळ्यात शेवटी. सफरचंद-नाशपातीवरच्या फायर ब्लाइटसारखा जिवाणूचा रोग असेल तर रोगट भागाच्या खाली २०-३० सेंमी निरोगी लाकडात कापतात. ओल्या झाडाला हात लावू नका, कोरड्या हवेतच छाटा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, आत्ताच चीक काढायला बसलोय, त्या दोन झाडांवर रोज नजर ठेवतो.