मदत हवी आहे: भाड्याच्या स्कूटरींच्या उपविधींमध्ये व्याख्या कशी असावी?

नमस्कार. सामायिक स्कूटर आणि भाड्याने मिळणारी लहान वाहने यांच्या व्यवसायासाठी आमच्या पालिकेने उपविधींचा, म्हणजे स्थानिक नियमांचा, मसुदा प्रसिद्ध केला असून त्यावर हरकती व सूचना मागवल्या आहेत. आमच्या नागरिक गटाचे लेखी निवेदन तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी कायद्याचा अभ्यासक नाही, त्यामुळे मसुदा चार वेळा वाचूनही मी दर वेळी त्याच ठिकाणी अडतो, आणि ते ठिकाण पहिल्याच पानावर आहे: व्याख्या.

मसुद्यानुसार मोबदला घेऊन लहान वाहने अल्पकाळासाठी वापरायला देणारी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था 'भाडे-व्यावसायिक' ठरते. आता या एका वाक्यात दोन अगदी वेगळे धंदे येतात. पहिल्यात कंपनी आपल्या स्कूटरी रस्त्याकडेला ठेवून देते, ग्राहक फोनवरून कुलूप उघडतो आणि काम झाले की जिथे असेल तिथे वाहन सोडून जातो. दुसऱ्यात दुकानदाराची स्वतःची जागा असते, तो ओळखपत्र व वाहन चालवण्याचा परवाना पाहून नोंदवहीत सही घेतो, आणि वाहन संध्याकाळी त्याच जागी परत येते. मसुद्याने दोघांनाही एकाच अटी लावल्या आहेत: किमान पाचशे वाहनांचा ताफा, प्रत्येक वाहनाचे ठिकाण पालिकेला क्षणोक्षणी कळवणे, चोवीस तास चालणारे तक्रार केंद्र आणि बँकेची हमी. वीस स्कूटरी बाळगणाऱ्या माणसाला यातली पहिलीच अट ओलांडता येणार नाही. म्हणजे ज्याच्या वाहनांमुळे पदपथ अडत नाही त्याचाच धंदा आधी बंद पडेल, आणि ज्यांच्यामुळे हे उपविधी करण्याची वेळ आली त्यांना मैदान मोकळे मिळेल.

इतर शहरांनी काय केले ते मी शोधले, पण मला मिळालेली जवळजवळ सगळी उदाहरणे पहिल्या प्रकारच्या धंद्याची आहेत. अमेरिकेतील सांता मोनिका येथे २०१७ च्या सप्टेंबरमध्ये 'बर्ड' कंपनीच्या, उभ्याने चालवायच्या विजेवरच्या स्कूटरी रस्त्यावर आल्या, तेव्हा त्या प्रकारच्या व्यवसायासाठी परवान्याची चौकटच नव्हती. शहराला खटला दाखल करावा लागला आणि तडजोडीत कंपनीने तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम भरली. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ च्या मार्चमध्ये तीन कंपन्यांनी हाच मार्ग धरला. शहराने जूनमध्ये सगळ्या स्कूटरी हटवायला लावल्या आणि ऑगस्टमध्ये परवाने दिले ते नेमक्या दुसऱ्याच दोन कंपन्यांना, सुरुवातीला प्रत्येकी ६२५ वाहनांच्या मर्यादेत. ओस्लोने २०२१ मध्ये संपूर्ण शहरासाठी ८,००० स्कूटरींची कमाल मर्यादा घातली आणि रात्री अकरा ते पहाटे पाच भाड्याची सेवा बंद ठेवली.

पॅरिसच्या उदाहरणाने माझा गोंधळ वाढला. तिथे २०२० मध्ये निविदेतून तीनच कंपन्या निवडल्या गेल्या आणि प्रत्येकीला ५,००० स्कूटरींची मर्यादा ठरली. वाहने उभी करण्यासाठी जागा आखून दिल्या, वर्दळीच्या भागांत वेग ताशी १० किलोमीटरवर आणला. आमच्या मसुद्यात असलेले जवळजवळ प्रत्येक साधन तिथे वापरून झाले होते. तरीही २ एप्रिल २०२३ च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के भाड्याच्या स्कूटरींच्या विरोधात गेले आणि ऑगस्टअखेर सेवा थांबली. मतदान साडेसात टक्क्यांच्या आसपासच झाले होते हे खरे, पण ज्यांना राग होता ते घराबाहेर पडले आणि ज्यांना सोय होती ते पडले नाहीत, एवढे तरी त्यातून दिसते.

माझे प्रश्न असे. व्याख्या वाहनावरून करावी, ताफ्याच्या आकारावरून करावी की आणखी कशावरून? शुल्क दर वाहनामागे असावे की दर फेरीमागे? आणि वाहनांची कमाल संख्या ठरवणे खरोखर उपयोगी पडते का? ज्यांनी अशा नियमांवर काम केले आहे किंवा असा व्यवसाय जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: तळटीप

आपला पहिला प्रश्न योग्य आहे, मात्र त्याचे उत्तर वाहनाकडे पाहून मिळणार नाही. वाहनाखालच्या जमिनीकडे पाहावे लागेल. पालिका रस्त्याची आणि पदपथाची राखणदार आहे. आपली जागा कोणी धंद्यासाठी वापरत असेल तर त्याच्या अटी ठरवण्याचा तिचा अधिकार सर्वांत भक्कम असतो. स्वतःच्या आवारात व्यवहार करणाऱ्या दुकानदाराकडे क्षणोक्षणीची माहिती मागण्याचा अधिकार त्या मानाने फारच डळमळीत.

जर्मनीत हा भेद न्यायालयात पुढे आला. तिथे रस्त्याचा सर्वसाधारण वापर, म्हणजे ये-जा करणे किंवा आपले वाहन उभे करणे, सर्वांना मोकळा असतो. विशेष वापरासाठी परवानगी घ्यावी लागते. ड्युसेलडॉर्फमध्ये भाड्याच्या सायकली रस्त्यावर ठेवणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे होते की, सायकल उभी करणे हा सर्वसाधारण वापरच आहे. म्युन्स्टर येथील उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२० मध्ये ते अमान्य केले. रस्त्यावर उभी केलेली भाड्याची सायकल पुढच्या ग्राहकाला दिलेले आमंत्रण असते. ती तिथे वाहतुकीसाठी उभी नसून व्यवहारासाठी मांडलेली असते, म्हणून तो विशेष वापर, असा तो विचार होता. फ्रान्सनेही २०१९ च्या वाहतूकविषयक कायद्यात शहरांना अधिकार दिले ते सार्वजनिक रस्त्यावर ठरलेल्या थांब्याविना वाहने उपलब्ध करून देणाऱ्या सेवेसाठी. जागेवरून भाड्याने देणाऱ्याला त्यात ओढले नाही.

तेव्हा निवेदनात असे मागावे: ज्याच्या व्यवहाराची सुरुवात किंवा शेवट सार्वजनिक जागेत होतो तोच या उपविधींच्या कक्षेत यावा. किमान पाचशे वाहनांची अट तर कोणाच्याच बाबतीत समर्थनीय वाटत नाही. ताफा मोठा म्हणून सेवा चांगली असे होत नाही. फार तर पालिकेला कमी फायली हाताळाव्या लागतात.

प्रतिसाद: रात्रपाळी

मी अशा एका कंपनीच्या ताफ्याची रात्रीची व्यवस्था काही वर्षे पाहत होतो. कंपनीचे नाव घेत नाही. आपल्या उरलेल्या दोन प्रश्नांविषयी अनुभवावरून लिहितो.

नुसत्या कमाल संख्येने पदपथ मोकळा होत नाही. शहरासाठी तीन हजारांची मर्यादा असेल तर कंपनी ते तीन हजार जिथे फेऱ्या जास्त मिळतात त्या मध्यवर्ती भागातच ओतते, कारण एका स्कूटरीला दिवसात किती फेऱ्या मिळतात यावरच सगळे गणित चालते. कडेच्या वस्त्यांत एकही वाहन दिसत नाही आणि स्थानकाबाहेर चालायला जागा उरत नाही. मर्यादा घालायचीच असेल तर ती विभागवार घालावी, आणि त्यासोबत आखलेल्या थांब्यांची संख्या ठरवावी. जागा पन्नास वाहनांची आणि परवाना दोनशेचा असे असेल तर दीडशे वाहने कुठे जाणार हे मसुदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. सिंगापूरने आखलेल्या जागेवर क्यूआर कोड लावून तो स्कॅन केल्याशिवाय सायकलीचे भाडे संपू नये अशी व्यवस्था केली, आणि ताफा वाढवण्याची परवानगी कंपनीच्या कामगिरीशी जोडली. आकडा एकदाच ठरवून मोकळे होण्यापेक्षा हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

'वाहन आखलेल्या चौकटीत आहे हे उपग्रहावरून तपासले जाईल' असे कलम मसुद्यात असेल तर त्यावर जरूर हरकत घ्या. उंच इमारतींच्या मधोमध जीपीएसची चूक काही मीटरची असते आणि चौकट असते दोन-तीन मीटरची. आमच्या पडद्यावर नीट उभी दिसणारी स्कूटर प्रत्यक्षात जिन्याच्या पायथ्याशी आडवी पडलेली मी कितीदा तरी उचलली आहे. सॅन फ्रान्सिस्कोने पुढच्या परवान्यांत स्कूटर स्थिर खांबाला किंवा रॅकला कुलपाने बांधण्याची अट घातली. तिला उपग्रह लागत नाही.

शुल्काबाबत सांगायचे तर दर वाहनामागे शुल्क असले की पडून राहणारे वाहन कंपनीला जड होते आणि ती ते स्वतःहून उचलते. दर फेरीमागे शुल्क असले की ते ग्राहकाच्या भाड्यात मिसळते आणि निकामी वाहन फुकटात रस्त्यावर राहते. मी पहिल्याच्या बाजूने आहे, फक्त कडेच्या वस्त्यांत ठेवलेल्या वाहनांना सूट द्यावी.

आणखी एक. व्यवसाय बंद पडला तर वाहने कोण उचलणार, हे परवाना देतानाच लिहून घ्या. 'बर्ड' कंपनीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्याकडे मोठ्या शहरांचे परवाने होते. चीनमध्ये 'ओफो' ही सायकल कंपनी अडचणीत आली तेव्हा २०१८ च्या अखेरीस अनामत रक्कम परत मागणाऱ्यांची रांग एक कोटीच्या पुढे गेली होती. बँकेची हमी यासाठीच असते, आणि ती रस्त्यावर मांडलेल्या वाहनांच्या संख्येच्या प्रमाणात असावी. ग्राहकांची अनामत वेगळ्या खात्यात ठेवण्याची अटही हवी. ही शेवटची अट मात्र दुकानदारालाही लागू केली तर बिघडणार नाही.

प्रतिसाद: पांढरी काठी

मला दिसत नाही, त्यामुळे या विषयात माझा प्रश्न रोजचा आहे. उभी स्कूटर काठीला उशिरा लागते, कारण तिचा पाट जमिनीलगत आणि अरुंद असतो, तर हँडल पोटाशी येते. आडवी पडलेली असेल तर पाय अडकतो. जर्मनीतील ब्रेमेन येथे एक अंध गृहस्थ पदपथावरच्या भाड्याच्या स्कूटरींना अडखळून पडले, मांडीचे हाड मोडले, आणि २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयांनी त्यांचा भरपाईचा दावा फेटाळला. तिथे तशी वाहने उभी करण्यास परवानगी होती, हे त्यामागचे एक कारण होते. म्हणून पालिका परवानगी देताना काय लिहिते याला फार महत्त्व आहे. एकदा परवानगी मिळाली की पडणाऱ्याचाच दोष ठरण्याचा धोका असतो.

निवेदनात माझ्या दोन मागण्या घालाव्यात. थांबे पदपथावर न आखता रस्त्याच्या कडेला, जिथे मोटारी उभ्या राहतात त्या पट्ट्यात आखावेत. आणि तक्रार साध्या दूरध्वनीवर करता यावी, कारण ज्या वाहनावरचा क्यूआर कोड मला सापडतच नाही तो स्कॅन करून तक्रार नोंदवा, असे मला सांगणे निरर्थक आहे.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. तळटीप यांच्या विवेचनाने माझी अडचण सुटली, आणि पांढरी काठी यांच्या दोन्ही मागण्या मी पहिल्या पानावर घेत आहे. क्षणोक्षणीच्या माहितीविषयी मी स्वतः आणखी वाचले. लॉस एंजेलिसने २०१८ मध्ये यासाठी माहितीचा एक ठरावीक साचा तयार केला आणि आता तो अनेक शहरे वापरतात. त्यात ग्राहकाचे नाव नसते, तरी फेरी कुठून कुठे गेली हे कळते, आणि रोज एकाच घरापासून एकाच कचेरीपर्यंत जाणारी फेरी कोणाची हे ओळखणे अवघड नसते. त्यावर खटला झाला. अपील न्यायालयाने २०२२ मध्ये शहराच्या बाजूने निर्णय दिला. तरीही उभ्या वाहनाचे ठिकाण पुरेसे असताना फेरीचा मार्ग मागू नये, अशी सूचना मी करणार आहे.

व्याख्येचा माझा प्रस्तावित मजकूर असा आहे: 'सामायिक वाहन सेवा म्हणजे अशी सेवा, जिच्यातील वाहन सार्वजनिक रस्ता, पदपथ किंवा मोकळी जागा येथून ग्राहकाच्या ताब्यात जाते किंवा तेथे सोडता येते, व्यावसायिकाच्या खासगी आवारात सुपूर्द होणारी आणि तेथेच परत घेतली जाणारी वाहने या व्याख्येत येत नाहीत.'

हे लिहून झाल्यावर एक शंका आली. दुकानदाराचे आवार आहे, रात्री तो सगळी वाहने आत घेतो, पण दिवसा दहा-बारा स्कूटरी दुकानासमोरच्या पदपथावर ओळीने मांडून ठेवतो. नोंद आणि सही दुकानात होते, वाहन मात्र बाहेरून जाते. मग तो कोणत्या बाजूला?

प्रतिसाद: तळटीप

ती ओळ पदपथावर असेल तेवढ्यापुरता तोही सार्वजनिक जागेचा धंद्यासाठी वापर करतो, आणि त्याला सवलत देण्याचे कारण नाही. मात्र त्याच्यासाठी ताफ्याची, माहितीची किंवा तक्रार केंद्राची अट नको. दुकानासमोर टेबले मांडणाऱ्याला जशी मोजून पट्ट्याची परवानगी दिली जाते तशी याला द्यावी, चालण्यासाठी ठरावीक रुंदी मोकळी ठेवण्याच्या अटीवर. आपल्या व्याख्येत 'सुपूर्द होणारी' या शब्दांआधी 'ठेवलेली' हा शब्द घाला, म्हणजे आत सही आणि बाहेर मांडणी ही पळवाट राहणार नाही.

धागाकर्ता

शब्द घातला. पट्ट्याच्या परवानगीसाठी वेगळे उपकलम लिहून उद्या इथे ठेवतो. मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तेव्हा रात्रपाळी यांनी विभागवार मर्यादेचा मजकूर एकदा तपासून दिला तर मोठी मदत होईल.