चिऱ्याचं घर पावसाआधी छपराखाली आणायचंय, ऑनलाइन गँट चार्ट वापरावा का?

वेळणेश्वर_पडवी:
जुन्या घराच्या जागेवर तीन खोल्यांचं होमस्टे बांधतोय. दिवाळीनंतर पाया खणून झाला. मी गावात, भाऊ ठाण्यात, पैसे दोघांचे. तो रोज रात्री विचारतो, "कुठवर आलं?" मिस्त्री म्हणतो, "होईल मेपर्यंत." कुठलं काम कधी संपायला हवं ते दोघांना एकाच जागी दिसावं, एवढंच हवंय. इतक्या लहान कामाला गँट चार्टचं (प्रत्येक कामाच्या तारखा आडव्या पट्टीने दाखवणारा तक्ता) ऑनलाइन सॉफ्टवेअर कुणी वापरलंय? की एक्सेल पुरे?

साइटवाला_रत्नागिरी:
नक्की वापरा. मी साइट सुपरवायझर आहे, दोन खोल्यांच्या कामालाही चार्ट करतो. एक्सेलमध्ये रंगवलेल्या पट्ट्या दिसतात छान, पण चिरे आठवडाभर उशिरा आले की पुढची प्रत्येक पट्टी हाताने सरकवावी लागते, आणि ते दुसऱ्यांदा कुणी करत नाही. सॉफ्टवेअरमध्ये कामं एकमेकांना जोडलेली असतात, एक सरकलं की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी सरकतात. घ्यायचं ते यासाठी.

चार्ट जूनपासून उलटा मांडा. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या सुरुवातीला येतो, वळीव मेमध्येच गाठतो. म्हणून 'कौलं चढली' हा माइलस्टोन, म्हणजे गाठायचा टप्पा, २० मेला ठेवा. कौलांआधी रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या), रिपांआधी वासे, वाशांआधी भिंती. सुताराला मात्र भिंती संपायची वाट बघायला लावू नका, वासे-रिपा तयार करायची त्याची पट्टी भिंतींच्या बरोबरीने सुरू करा.

चिरे आणणं हे वेगळं काम म्हणून लिहा, भिंतींच्या पट्टीत लपवू नका. पावसात खाणी बंद, आणि पाणंदीत लाल चिखल झाला की डंपर दारापर्यंत येत नाही. गडग्याचे (आवाराच्या कुंपणभिंतीचे) चिरेसुद्धा मेअखेर आवारात पडलेले हवेत.

सगळ्यात जास्त राहून जातात ते थांबायचे दिवस. न्हाणीघरावर टाकीसाठी स्लॅब घालणार असाल ना? साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस काढायचे नाहीत. तोवर खाली फरशीवाला येऊन काय करणार? याला सॉफ्टवेअरमध्ये लॅग म्हणतात. स्लॅब आणि फरशीच्या जोडणीवर तो आकडा टाका, नाहीतर चार्टवरची तारीख खोटी ठरते.

शिमग्याचे दिवस कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून आधीच भरा. गावची पालखी सोडून गवंडी कामावर येणार नाही, त्याने येऊही नये.

मग क्रिटिकल पाथ लावून बघा, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की शेवटची तारीखच पुढे जाते ती साखळी. माझ्या अंदाजाने चिरे, भिंती, वासे, कौलं हीच साखळी निघेल. आतला गिलावा, रंग यांना सवड आहे.

माडाखाली:
नेट जात-येत असेल तर गँटप्रोजेक्ट बघा. फुकट आहे, संगणकावर ऑफलाइन चालतं, लॅग आणि क्रिटिकल पाथ दोन्ही आहे. पीडीएफ काढून भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची.

वेळणेश्वर_पडवी:
दोघांचे आभार. भावाला स्वतः उघडून बघायचंय, म्हणून ऑनलाइनच घेतो. पण मिस्त्री अ‍ॅप उघडणार नाही. त्याचं काय?

साइटवाला_रत्नागिरी:
त्याला उघडायला लावूच नका. आधी त्याच्याबरोबर बसा आणि दिवसाला किती थर चढतात, माणसं किती येणार, हे त्याच्या तोंडून घ्या. पट्ट्यांची लांबी त्यावरून ठरू दे. त्याने स्वतः सांगितलेले दिवस तो पाळतो, ठाण्यातून आलेले पाळत नाही. पुढच्या दोन आठवड्यांचीच कामं मोठ्या अक्षरात छापून सिमेंटच्या खोलीच्या दारावर लावा आणि दर शनिवारी बदला.

आणखी एक. काम सुरू करण्याआधी पहिला आराखडा बेसलाइन म्हणून जपून ठेवा. पुढे तारखा हलल्या की जुनी पट्टी नव्या पट्टीखाली दिसते, आणि कुठल्या कामाने किती दिवस खाल्ले ते भावाला फोन न करता कळतं.