२०१० ची स्विफ्ट पेट्रोल: इंजिन १.३ की १.२? आणि पुराचं पाणी लागलंय का, कसं ओळखायचं?

मांजलपूरकर
वडोदऱ्यात, अकोट्यात २०१० ची स्विफ्ट व्हीएक्सआय पाहिली. जीजे-०६ पासिंग, आरसीचं नूतनीकरण होऊन २०३० पर्यंतची मुदत मिळालेली. दलाल ठासून सांगतो की के-सीरीज आहे, चेनचं इंजिन, टायमिंग बेल्टचा (क्रँक आणि कॅम जोडणाऱ्या रबरी पट्ट्याचा) खर्चच नाही. आरसीवर मात्र १२९८ सीसी छापलंय. खरं काय मानायचं? दुसरी शंका पाण्याची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ही गाडी कुठे उभी होती, याचं सरळ उत्तर मिळत नाही. शनिवारी मेकॅनिकला घेऊन जातोय. काय काय उघडून बघू? सर्व्हिसचे पार्ट आधीच आणून ठेवू का?

बेल्ट_की_चेन
२०१० हे स्विफ्टसाठी बदलाचं वर्ष. त्याच वर्षात १२९८ सीसीचं, टायमिंग बेल्टचं जी१३बीबी इंजिन जाऊन ११९७ सीसीचं, चेनचं के१२एम (हीच के-सीरीज) आलं. पेट्रोल गाडी १२०० सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत असली की अबकारी कर कमी लागायचा, म्हणून शंभर सीसी उतरले. त्यामुळे नुसत्या वर्षावरून काही ठरत नाही. चालवूनही कळणार नाही, एक ८७ बीएचपी, दुसरं ८५.

आरसीवरचा इंजिन नंबर वाचा. मारुतीत तो इंजिनच्या कोडनेच सुरू होतो, जी१३बीबी किंवा के१२एम. मग तोच नंबर ब्लॉकवर शोधा, ब्लॉक गिअरबॉक्सला जोडला आहे त्या बाजूला. तेलाची काजळी असते, डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरपी धरा म्हणजे ठोकलेले आकडे उठून दिसतात. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका, घासल्याची खूण पुढे तुमच्याच अंगावर येईल. चॅसी नंबर बॉनेट उघडल्यावर केबिनकडच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो, तो एमए३ ने सुरू व्हायला हवा.

नंबर वाचता येईना तर अल्टरनेटरच्या बेल्टच्या बाजूने बघा. जी१३बीबीला टायमिंगवर प्लास्टिकचं कव्हर आहे, छोट्या बोल्टांवर बसवलेलं. के१२एमला तिथे ओतीव धातूचं कव्हर, सीलंट लावून ब्लॉकला घट्ट बसवलेलं. हा फरक लपत नाही.

आरसी १२९८ म्हणते आणि बॉनेटखालीही जी१३बीबी निघालं, तर दलाल चुकीचं सांगतोय एवढंच. बेल्ट, टेन्शनर आणि क्रँक-कॅमचे ऑइल सील यांचा खर्च किमतीतून वजा करा. बिल दाखवत नसतील तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. मीटरवर किलोमीटर कमी असले तरी रबर वयाने कडक होऊन चिरतं, आणि सीलमधून तेल पाझरलं की आणखी लवकर. वॉटर पंप यात अल्टरनेटरच्या बेल्टवर फिरतो. तो गळत नसेल तर टायमिंगच्या कामात त्याला हात लावायची गरज नाही.

पण आरसी १२९८ आणि आत के१२एम असेल, तर इंजिन बदललंय. आरटीओत नोंद नसेल तर नाव बदलताना अडेल, विम्याचा दावाही अडकेल. अशी गाडी घेऊ नका.

सयाजीगंज_वायरिंग
पाण्याची परीक्षा बॉनेटपासून नको, केबिनपासून सुरू करा. धुऊन पुसून चकाचक केलेली गाडीही तीन जागी बोलते. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, रिळाजवळच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गढूळ रेघ राहते. पुढच्या सीटचे रुळ आणि त्यांचे बोल्ट खालून बघा. बाकी आतला पत्रा स्वच्छ आणि तिथेच लाल गंज, म्हणजे कार्पेट बरेच दिवस भिजलेलं होतं. मग दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचलून कार्पेटखालच्या नमद्यात (जाड अस्तरात) बोटं घाला. कार्पेट नवं टाकतात, नमदा जुनाच राहतो आणि ओल धरून ठेवतो.

त्यानंतर डॅशबोर्डखालचे एक-दोन कनेक्टर बॅटरीची निगेटिव्ह काढून मगच उघडा. पिनांवर हिरवट पावडर दिसली तर सौदा तिथेच थांबवा. इंजिन दुरुस्त करता येतं, पण कुजलेली हार्नेस (वायरिंगची जुडी) दर पावसाळ्यात नवा बिघाड काढते. इग्निशन ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागून इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

गिअरबॉक्सच्या लेव्हल प्लगमधून थोडं तेल काढून बघा. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअरबॉक्सचं कुणी बदलत नाही. दुधाळ निघालं तर पाणी ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या वाटेतून) आत गेलंय.

मांजलपूरकर
फार उपयोगी माहिती, धन्यवाद. मेकॅनिककडे कम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) आहे. त्यावरून पाणी इंजिनात गेलं होतं का हे कळेल?

हेड_गॅस्केट
कळेल, मोजणी नीट केली तर. इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, बॅटरी भरलेली, ॲक्सिलरेटर तळाशी दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा फसवा असतो. जी१३बीबीला सुमारे १४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) यायला हवं, १२ च्या खाली गेलं तर काम आहे, आणि कोणत्याही दोन सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नको.

एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. शेजारचे दोन सारखेच कमी असतील तर हेड गॅस्केट. नाहीच चढला तर व्हॉल्व्ह. जी१३बीबीत टॅपेट स्क्रूने जुळवता येतात, तेव्हा हेड खोलायच्या आधी क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली फट) तपासा.

पुराच्या गाडीत मात्र आणखी एक कारण असतं. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड लांबीला कमी भरतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि त्या एकाच सिलिंडरचं कम्प्रेशन पडतं. प्लगच्या भोकातून पातळ, सरळ लाकडी काडी सोडा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने हळू फिरवा आणि पिस्टन सर्वात वर आल्यावर काडीवर खूण करा. १ आणि ४ एकत्र वर येतात, २ आणि ३ एकत्र. चौघांच्या खुणा जुळल्या पाहिजेत. एक मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर गाडी सोडा. असा रॉड काही महिने चालतो आणि एके दिवशी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

बेल्ट_की_चेन
पार्ट आधी आणू नका. या दोन इंजिनांचे फिल्टर, प्लग, क्लच वेगवेगळे, दार-काचा-सस्पेन्शन बहुतेक तेच. दुकानात "२०१० ची स्विफ्ट" असं सांगितलं की समोरचा अंदाजाने देतो. चॅसी नंबरचा फोटो दाखवा, त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या आणि डब्याच्या स्टिकरवर तोच आहे का ते वाचूनच पैसे द्या.