एका घोड्यावर स्वार आणि तंबू? नको
काश्मीरच्या डोंगरात सोनमर्ग ते विशनसर तलाव एकाच घोड्यावर स्वार आणि तंबू, असा बेत कुणी आखत असेल तर ते गणित जमणार नाही. पहाडी घोडं साधारण २५०-३०० किलोचं. खोगिरासकट त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं, म्हणजे ५०-६० किलो ओझं ठीक. ७५ किलोच्या स्वाराने मोठं जनावर मागावं, सामानाला वेगळं घ्यावं. दोन्ही बाजूंच्या गोण्या काट्यावर तोला. एक जड झाली की खोगीर सरकतं आणि पाठ सोलते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आवळा, कारण आवळताना घोडं पोट फुगवतं (लबाडच!). वाटेतल्या निचनाई खिंडीचा उतार पायीच उतरा. मुक्कामी आधी पाणी, मग चंदी (दाणा). रात्री पुढचे पाय बांधलेले दिसले तर घोडेवाल्यावर चिडू नका, मोकळं घोडं सकाळी दरीभर शोधावं लागतं.