मिडी फूटस्विच बनवलाय, पण पेडल ढिम्म हलत नाही. तातडीने मदत हवी

तारछेड्या
पायाने दाबून गिटारच्या इफेक्ट पेडलला मिडीवरून (वाद्यांना डिजिटल हुकूम धाडायची पद्धत) आवाज बदलायला सांगणारा डबा तयार आहे, दोन स्विच बसवलेत, कोड टाकलाय. स्विच दाबला की १३ नंबरचा एलईडी लागतो, कंप्युटरवर सीरियल मॉनिटरवर (बोर्ड काय पाठवतो ते दाखवणारी खिडकी) आकडेही बरोबर येतात, पण पेडलवर काहीच होत नाही. जोडणी नेटवरच्या चित्राबरहुकूम केलीय. शनिवारी वाजवायचंय, त्यामुळे "आधी मिडी म्हणजे काय ते वाचा" छाप प्रतिसाद कृपया नकोत.

सोल्डरबहाद्दर
पेडल कुठलं, बोर्ड कुठला, स्विच कसले, पाच पिनांचा डिन सॉकेट की छोटा टीआरएस जॅक? तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही.

गल्लीतला_गिटारवाला
एवढा खटाटोप कशाला? दोन बटणांचा तयार कंट्रोलर मिळतो, तो घ्या आणि रियाज करा.

तारछेड्या
पेडल एचएक्स स्टॉम्प. बोर्ड आर्डुइनो नॅनो. सॉकेट डिन. स्विच पेडलमध्ये असतात तेच साधे. आणि विकतच घ्यायचा असता तर धागा कशाला काढला असता?

पिकोप्रेमी
नॅनो जुनी झाली हो. पिको बोर्ड घ्या, त्यात यूएसबी मिडी करता येतं. एक केबल थेट स्टॉम्पच्या यूएसबीत, काम फत्ते. डिनची भानगडच नको.

सोल्डरबहाद्दर
पिकोप्रेमी, तसं चालणार नाही. स्टॉम्पचं यूएसबी कंप्युटरला जोडण्यासाठी आहे, तो स्वतः होस्ट (समोरच्याला चालवणारं मुख्य यंत्र) होत नाही. पिकोवरही सहसा डिव्हाइसचाच कोड असतो. दोघंही समोरच्याने सुरुवात करायची वाट बघत बसतील. मध्ये होस्ट लागणार, म्हणजे आणखी एक डबा. आणि पिकोवरून डिन काढायचं तर ती ३.३ व्होल्टची, तिथे २२० ओहमचे रेझिस्टर चालत नाहीत: पिन ४ ला ३३ आणि पिन ५ ला १०. नॅनो ५ व्होल्टची आहे, तिला दोन्हीकडे २२०.

तारछेड्या, मॉनिटरवर नेमकं काय दिसतं आणि किती बॉडला (पाठवण्याचा वेग)?

तारछेड्या
१९२ आणि त्याखाली ५. बॉड ९६००. म्हणजे प्रोग्राम चेंज (प्रीसेट, म्हणजे साठवलेला आवाज, बदलायचा हुकूम), चॅनल १, प्रीसेट ५. हे तर बरोबरच आहे ना?

सोल्डरबहाद्दर
तुम्हाला ते वाचता येतंय, तिथेच घोळ आहे. तुम्ही कोडमध्ये 'प्रिंट' वापरलंय. 'प्रिंट' १९२ हा एक बाइट पाठवत नाही, तर '१', '९', '२' ही तीन अक्षरं पाठवतं, म्हणजे ४९, ५७, ५० असे तीन बाइट. मिडीत १२८ च्या खालचा बाइट म्हणजे नुसता डेटा. आधी हुकूमच आलेला नाही म्हटल्यावर स्टॉम्प तो टाकून देतो. शिवाय मिडीचा वेग ३१२५० बॉड ठरलेला आहे, ९६०० ला गेलेलं त्याला कळतच नाही.

तेव्हा 'बिगिन'मध्ये ३१२५० आणि 'प्रिंट'च्या जागी 'राइट', दोनदा: आधी १९२, मग ५. तपासणीसाठी घातलेल्या 'प्रिंट'च्या बाकी सगळ्या ओळी उडवा, नाहीतर तो कचराही त्याच टीएक्स (पाठवायच्या) पिनवरून पेडलकडे जाईल. यानंतर मॉनिटरवर चित्रविचित्र चिन्हं दिसली की समजा गाडी रुळावर आली.

विद्युतवेडा
मूळ मुद्दा राहिला. ऑप्टोकपलर (दोन यंत्रं विजेने वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल नेणारा भाग) लावलाय का? मिडीत तो सक्तीचा आहे. ६एन१३८ जातीचा टाका, लगेच चालेल.

सोल्डरबहाद्दर
ऑप्टो घेणाऱ्याच्या बाजूला असतो, पाठवणाऱ्याच्या नाही. तो स्टॉम्पच्या पोटात आहेच. पाठवणाऱ्याला लागतात फक्त दोन रेझिस्टर. त्यांना कशाला सुट्या भागांसाठी तपकीर गल्लीत हेलपाटा घालायला लावता?

विद्युतवेडा
दोन्हीकडे लावल्याने बिघडत काही नाही. आयसोलेशन जेवढं जास्त तेवढं बरं.

सोल्डरबहाद्दर
बिघडतं. ६एन१३८ मुळात संथ, त्याचे रेझिस्टर चुकले की सिग्नलच्या कडा लोळतात. आणि असे दोन एकापाठोपाठ? नको.

तारछेड्या
वाद नंतर घाला. बदल केले. मॉनिटरवर चिन्हं येतायत, पेडल तसंच ढिम्म. केबल नवी आहे, स्टॉम्पच्या मिडी इनमध्येच घातलीय.

पेठेतला_पक्कड
डिन सॉकेटच्या पिना कशा मोजल्या?

तारछेड्या
डावीकडून १, २, ३, ४, ५. दुसरं कसं मोजणार?

पेठेतला_पक्कड
सापडलं. डिनच्या पिना ओळीने नसतात. कमानीवरचा क्रम १, ४, २, ५, ३ असा आहे. मधली २, तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५, टोकाला १ आणि ३. तुमच्या मोजणीने ५ व्होल्ट गेले खऱ्या पिन ५ वर, ग्राउंड गेली ४ वर आणि डेटा गेला ३ वर, जिथे कुणीच ऐकत नाही.

आता असं करा: ५ व्होल्ट २२० मधून पिन ४ ला, टीएक्स २२० मधून पिन ५ ला, ग्राउंड पिन २ ला. १ आणि ३ मोकळ्या. समोरून आणि सोल्डरच्या बाजूने बघताना डावं-उजवं उलटतं, त्यामुळे अंदाज नको. प्लास्टिकवर पिनांशेजारी बारीक आकडे उठवलेले असतात, ते वाचून जोडा. पेडल जळलं असेल ही भीती नको. तिकडेही एक रेझिस्टर असतो आणि उलट्या जोडणीसाठी ऑप्टोपाशी सहसा १एन९१४ डायोड असतो.

पेडलला जोडण्याआधी एक चाचणी घ्या. लाल एलईडीचा लांब पाय पिन ४ वर, आखूड ५ वर. स्विच दाबला की क्षणभर बारीकसा लुकलुकला पाहिजे. दोन बाइट जेमतेम ०.६४ मिलिसेकंदांत संपतात, म्हणून अंधारात बघा. सतत पेटलेला राहिला तर टीएक्सऐवजी ग्राउंड जोडलीय.

स्वरसाधक
जरा विषयांतर. याच सर्किटने माझ्या कीबोर्डला सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं) करता येईल का?

पेठेतला_पक्कड
येईल, कीबोर्ड मिडी इनवर सस्टेन मानत असेल तर. बाइट तीन: १७६, ६४, मग दाबताना १२७ आणि सोडताना ०. पण कीबोर्डला सस्टेनचा जॅक असेल तर नुसता स्विच आणि एक प्लग पुरतो. गंमत म्हणजे स्टॉम्पमध्ये हाच ६४ नंबर टॅप टेंपोचा (दाबून लय ठरवण्याचा) आहे.

तारछेड्या
चाललं!! प्रीसेट बदलतोय. पण दोन अडचणी. प्रत्येक स्विच एकाआड एक दाबणीलाच चालतो, आणि ५ पाठवला की ०२सी येतो. पाचवा तर ०२बी आहे ना?

सोल्डरबहाद्दर
मोजणी शून्यापासून. ०१ए म्हणजे ०, ०२बी म्हणजे ४, शेवटचा ४२सी म्हणजे १२५.

स्विचला मागे नऊ पाय आहेत ना? तो ट्रू बायपासचा लॅचिंग स्विच. एकदा दाबला की अडकून राहतो, दुसऱ्यांदा दाबला की सुटतो. तुमचा कोड फक्त अडकण्याला दाद देतो. मोमेंटरी (दाबलं तेवढ्यापुरताच लागणारा) स्विच आणा, भोक तेच १२ मिमीचं.

विद्युतवेडा
स्विच बदलायची काही गरज नाही. अडकला किंवा सुटला, कोणताही बदल झाला की पाठवायचं. दोन ओळींचं काम.

सोल्डरबहाद्दर
हे मात्र मान्य. शनिवारपुरतं तेच करा. पण सुरू होताना 'सेटअप'मध्ये स्विचची स्थिती आधी वाचून ठेवा, नाहीतर चालू करताच प्रीसेट आपोआप बदलेल. बदल दिसल्यावर २० मिलिसेकंद दुर्लक्ष करा, संपर्क थरथरतात. दाबून धरायचं काम मात्र लॅचिंगवर कधीच जमणार नाही.

पेठेतला_पक्कड
शनिवारी पॉवर कुठून घेणार? लॅपटॉप तर नेणार नाही.

तारछेड्या
पेडलचा ९ व्होल्टचा एक सुटा अडॅप्टर आहे, तोच नॅनोच्या व्हीआयएनला (बाहेरची पॉवर घ्यायच्या पिनला).

पेठेतला_पक्कड
थांबा. पेडलच्या अडॅप्टरला सहसा आत ऋण, बाहेर धन असतं. म्हणून सॉकेटचा बाहेरचा पाय व्हीआयएनला, मधला ग्राउंडला. उलटं दिलं तर नॅनोचा रेग्युलेटर गेलाच. डबा ॲल्युमिनियमचा आहे आणि स्विचची ग्राउंड त्याला लागलेली असेल, तर डीसी सॉकेट प्लास्टिकच्या अंगाचाच हवा. धातूचा बसवला की बाहेरचं धन थेट डब्याला टेकून शॉर्ट. आधी मीटरने बघा, मग प्लग घाला.

तारछेड्या
सॉकेट धातूचाच बसवलाय. काढतो. दुसऱ्या स्विचवर स्नॅपशॉट (एकाच प्रीसेटमधली वेगवेगळी सेटिंग) हवेत, त्याचे आकडे?

सोल्डरबहाद्दर
१७६, ६९, आणि ०, १ किंवा २. ८ पाठवला तर पुढचा स्नॅपशॉट, म्हणजे एकाच स्विचवर भागेल.

गल्लीतला_गिटारवाला
एवढ्यात तयार कंट्रोलर घरी आला असता.